ठेवायचं की उपटायचं? सोसायटीतल्या काळ्या पानांच्या बागेची तीन वर्षं

मे २०१९ मध्ये लेकीकडे इंग्लंडला गेले होते. तिथल्या एका बागेत कोथिंबिरीसारख्या कातरलेल्या पानांचं एक झाड पाहिलं. पानं मात्र जवळजवळ काळी, आणि वर पांढऱ्या फुलांची जाळीदार छत्री. नाव विचारलं तर 'रेव्हन्सविंग', म्हणजे डोमकावळ्याचा पंख. रस्त्याकडेला उगवणाऱ्या काऊ पार्सली नावाच्या रानटी झाडाचीच ही काळी जात. तिथली माळीणबाई म्हणाली, हे आम्ही लावत नाही, आपलं आपण बी पडतं आणि उगवतं. आम्ही फक्त हिरवी निघालेली रोपं उपटतो.

हे 'फक्त' डोक्यात राहिलं. ते किती मोठं असतं ते कळायला पुढची पाच वर्षं गेली.

बी पर्समधून आणायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण परदेशातून बी-रोपं आणायला आयात परवाना लागतो आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे त्यासाठी २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे. शिवाय त्या बियांना रुजायला थंडीतले काही आठवडे लागतात. पुण्यात ते फ्रीजमध्ये ठेवून साधेलही, पण मग 'आपलं आपण उगवतं' कुठे राहिलं? तेव्हा ठरवलं, गंमत तीच, झाडं इथली.

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या मागे पश्चिमेच्या भिंतीलगत एक पट्टा आहे. लांबी साधारण ३२ फूट, रुंदी ६. बिल्डरने 'लँडस्केप' म्हणून दाखवलेला आणि मग राडारोडा टाकून विसरलेला. त्यावर गाजरगवत, दोन फुटक्या कुंड्या आणि कुणाचं तरी जुनं कमोड. फेब्रुवारी २०२२ मध्ये मी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला की हा पट्टा मला बागेसाठी वापरू द्यावा, मालकी अर्थातच सोसायटीची. पोच घेतली. (अर्ज तोंडी करू नका आणि पोच सोडू नका. सहा महिन्यांनी 'असा काही अर्ज आलेला आठवत नाही' हे वाक्य ऐकायची वेळ आली तेव्हा त्या पोचेनेच वाचवलं.)

कमिटीने विषय वार्षिक सभेवर ढकलला. गृहनिर्माण संस्थांना ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सगळ्या सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होतात. आमची २५ सप्टेंबर २०२२ ला झाली. लिफ्टच्या देखभालीवर दीड तास गेल्यावर माझा विषय आला. आक्षेप तीन. साप येतील, पाणी वाया जाईल, आणि 'काळी पानं म्हणजे वाळलेली दिसणार ना?' तिसरा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांवर तेव्हा मनात हसले. पुढे कळलं की सर्वांत मुद्द्याचं तेच बोलले होते. अखेर परवानगी मिळाली ती तीन अटींवर: एका वर्षाची चाचणी, खर्च माझा, आणि पार्किंगच्या रेषेपलीकडे एक फांदीही नको. इतिवृत्ताची प्रत हातात पडायला नोव्हेंबर उजाडला.

मे २०२३ मध्ये काम सुरू केलं. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे आणि मास्क घालून उपटायचं. त्याने अंगाला खाज येते आणि काहींना दमाही लागतो. हे तण भारतात पहिल्यांदा लक्षात आलं तेही आमच्या पुण्यातच, १९५० च्या दशकात. म्हणजे आपोआप बी पडून पसरणाऱ्या झाडांचा अनुभव या शहराला चांगलाच आहे. राडारोडा काढायला आणि फूटभर खणायला दोन माणसं दोन दिवस, १,६०० रुपये. नवीन पाइप ६५० रुपये. बी आणि रोपं मिळून ४२०. खत सोसायटीच्या खतखड्ड्यातलं, फुकट. हे फुकट खत पुढे कथेत परत येणार आहे.

झाडं निवडताना कसोटी दोनच ठेवल्या. पान काळपट, लाल किंवा जांभळं हवं, आणि बी पडून पावसाळ्यात आपोआप उगवायला हवं. या दुसऱ्या अटीत नर्सरीतली निम्मी दुकानदारी बाद होते. जांभळ्या पानांच्या पट्टेरी वेली, ते सगळे क्रोटॉन, सगळं फांदीवरून वाढवलेलं. उरला लाल राजगिरा, कृष्णतुळस, लाल पानांची अंबाडी (भाजीची नव्हे, तिची शोभेची चुलत बहीण, पान मेपलसारखं आणि रंग वांग्याचा), काळ्या पानांची कर्दळ आणि लाल एरंड. सावलीच्या कोपऱ्यात थोडा रंगीत पानांचा कोलियस. सोबतीला पांढरट-गुलाबी तुऱ्यांचा आपला रानातला कुरडू आणि दोन ठोंब गवती चहाचे. हे दोन का, ते सांगते.

२०२३ चा पाऊस लांबला. जून संपत आला तेव्हा पुण्यात पोचला. राजगिरा आणि तुळशीचं बी मातीत गाडायचं नाही, नुसतं वर भुरभुरून हाताने दाबायचं. कर्दळीचं बी छर्ऱ्यासारखं काळं आणि टणक असतं, ते दगडावर एका बाजूने घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. ऑगस्टपर्यंत सगळं छातीपर्यंत आलं. मी पहिल्या मजल्याच्या जिन्यातून मोठ्या हौसेने खाली पाहिलं आणि मला काहीच दिसलं नाही. करड्या सिमेंटच्या भिंतीसमोर काळपट पानं म्हणजे नुसती सावली. तीस फूट लांबीचं एक भोक. सभेतले ते गृहस्थ शेजारीच उभे होते, ते काही बोलले नाहीत. त्यांचे आभार.

काळं पान एकटं उभं राहत नाही, त्याला मागे नाहीतर शेजारी फिकट काहीतरी लागतं. गवती चहाच्या पोपटी पात्यांपुढची अंबाडी उठून दिसत होती. कुरडूच्या तुऱ्यांमधला राजगिराही. बाकी सगळं गडप. दुसरी गोष्ट उजेडाची. संध्याकाळी पाचनंतर ऊन भिंतीवरून तिरकं येतं. ते पानांच्या मागून आलं की तेच काळं पान कोकम सरबतासारखं पेटतं. दुपारी बारा वाजता बाग पाहायला येणाऱ्यांना मी आता सरळ संध्याकाळी बोलावते. आणि शेडखालच्या सावलीत लावलेला राजगिरा तर धड लालही झाला नाही, हिरवट मरगळलेला राहिला. या रंगाला ऊन लागतं.

त्याच ऑगस्टमध्ये पावसाने पाठ फिरवली. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. पाणी वाया घालवायचं नाही ही अट होती, म्हणून स्वयंपाकघरातलं भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीने खाली नेत होते. कोलियसने मान टाकली, राजगिऱ्याला फरकही पडला नाही. अंबाडीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आला. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक फांदी पुसली. फार झालेल्या दोन फांद्या कापून पिशवीत बांधून टाकल्या.

एरंडाचा निर्णय माझा चुकला होता. झाड देखणं, तांबूस तळव्यासारखी पानं, लालभडक काटेरी बोंडं. पण त्या बिया विषारी असतात, नक्षीदार असतात आणि उन्हात बोंड तडकून लांब उडतात. आमच्याकडे पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी नऊ पोरं आहेत. एकीने कोवळं बोंड हातात धरून 'काकू, हे रंबुटान आहे का?' (ते लिचीसारखं लाल केसाळ फळ) विचारलं आणि त्याच संध्याकाळी मी तिन्ही झाडं मुळापासून काढली. शेताच्या बांधावर ठीक आहे, पोरं खेळतात तिथे लावू नका.

आता मुख्य घोळ. भिंत फिकट हवी म्हणून मी सेक्रेटरींच्या मागे लागले होते. त्यांनी दिवाळीच्या रंगकामात ती बसवली. मी खूश. ९ नोव्हेंबरला चार दिवस बहिणीकडे नाशिकला गेले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ तारखेला होतं. परत आले तर भिंत पांढरीशुभ्र आणि तिच्यासमोर काही नाही. रंगाऱ्यांना जागा हवी होती, शिवाय सणाच्या तोंडावर दारात वाळके दांडे नकोत, म्हणून माळीमामांनी सगळं जमिनीलगत साफ केलं होतं. त्यांची काय चूक? आपली सगळी संस्कृतीच दिवाळीआधी झाडलोट करणारी आणि या झाडांचं बी नेमकं तेव्हाच पिकणारं. अंबाडी तर दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही, तिचं बी हाती यायला डिसेंबर लागतो. ती फुलावर असतानाच कापली गेली होती. मी खाली फाटकाजवळच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. रडले वगैरे नाही, पण फराळाचं त्या वर्षी काही सुचलं नाही.

'कापलेलं कुठे टाकलंत मामा?' विचारलं.

'खड्ड्यात. खत होईल की ताई.'

झालं ना. मे २०२४ मध्ये मामांनी ते खत चाळून सगळ्या वाफ्यांना घातलं. लोकांनीही कुंड्यांसाठी पिशव्या भरून नेल्या. २०२४ ला पाऊस वेळेवर आला आणि जूनच्या मध्यावर आमची अख्खी सोसायटी लाल झाली. गुलाबाच्या कुंडीत राजगिरा, गणपतीच्या देवळीपुढे राजगिरा, पेव्हर ब्लॉकच्या फटींत राजगिरा, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतल्या मनी प्लांटमध्येसुद्धा राजगिरा. एका कणसात हजारोंनी बी असतं आणि आपल्या सोसायट्यांचे खतखड्डे एवढे तापत नाहीत की बी मरावं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला फोटो सकाळी ६.४० ला आला, खाली 'हे काय आहे?' आणि तीन प्रश्नचिन्हं. दुपारपर्यंत एकोणीस फोटो. मी एका ओळीत माफी मागितली आणि लिहिलं की दोन इंचांचं असताना उपटलं तर सहज येतं, आणि खाताही येतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तेवढ्यावर ताट घेऊनच खाली आल्या. 'इतकं कोवळं माठ फेकून देता? काय म्हणावं तुम्हाला!' लसूण आणि लाल मिरचीवर परतलेली ती भाजी त्यांनी वाटीभर वरही पाठवली. भातात कालवली की भात गुलाबी. हा रंग बिटातल्यासारखा, बीटालेन जातीचा. तुळशी-अंबाडीच्या जांभळ्याचं रसायन वेगळं, ते अँथोसायनिन. दिसायला दोन्ही काळपट, पण ताटात रंग सोडण्यात राजगिरा पुढे.

म्हणजे झाडं कापली गेली तरी बागेचं बी वाचलं होतं, फक्त जिथे नको तिथे. आणि माझ्या पट्ट्यात उगवलं होतं सगळंच: हवं ते, नको ते, गाजरगवत, काटेमाठ, घोळ, सगळं एका हिरव्या-लाल गालिच्यात. इंग्लंडमधल्या बाईंच्या त्या 'फक्त'ची गाठ आता पडली.

जूनचे पंधरा दिवस मी रोज सकाळी सातला प्लॅस्टिकच्या पाटावर बसत होते. चष्मा, फोनचा टॉर्च आणि स्वयंपाकघरातला जुना सराटा, म्हणजे उलथनं. रोप दोन पानांवर असताना ओळखता आलं तर उपटायला चिमूट पुरते, सहा पानांवर गेलं की शेजारचं हवं ते रोपही त्याच्याबरोबर उचकटतं. राजगिऱ्याची पहिली दोन पानं अरुंद, तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, आणि पालथी केली की खालून किरमिजी. खालून फिकट असेल तर ते पुढे हिरवं होतं, काढा. अंबाडीची पहिली पानं गोल, नखाएवढी, हिरवीच. घाई करू नका, तिचं खरं लाल पान त्यानंतर येतं. पहिल्या वर्षी फुललेल्या एखाद्या लवकरच्या झाडाचं बी पडलं असावं, अशी चारच रोपं मिळाली. कर्दळ विडीच्या सुरळीसारखी एकच गुंडाळी बाहेर काढते, ती चुकत नाही. काटेमाठ लहानपणी अगदी राजगिऱ्यासारखा दिसतो, पण थोड्या दिवसांत पानाच्या बगलेत बोटाला टोचायला लागतो. गाजरगवत जमिनीलगत कातरलेल्या पानांची चकती करतं.

तुळस सर्वांत अवघड. तिची पहिली पानं अर्ध्या चंद्रासारखी, टाचणीच्या डोक्यापेक्षा जराशी मोठी, आणि सगळी हिरवी. जांभळा रंग कळायला तीन-चार जोड्या पानं यावी लागतात. कृष्णतुळशीच्या बियातून काही रोपं हिरवीही निघतात, आजूबाजूला हिरवी तुळस असेल तर जास्तच. माझ्या हिशेबाने ती काढायची. मामांच्या हिशेबाने नाही.

'तुळस उपटायची नाही ताई.'

'अहो, हिरवी आहे ती. आपल्याला काळी हवीय.'

'हिरवी असली म्हणून काय तुळस नाही का ती? आणि आज द्वादशी आहे.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मलाही ती उपटवत नव्हती, मी त्यांच्याकडून करवून घ्यायला बघत होते. तोडगा मामांनीच काढला. गणेशोत्सवातले आइस्क्रीमचे कप कुणीतरी धुऊन ठेवले होते, त्यांना खाली भोक पाडून हिरव्या तुळशी त्यांत हलवल्या. कार्तिकात तुळशीच्या लग्नापर्यंत पन्नासेक कप सोसायटीत आणि शेजारच्या दोन बिल्डिंगांत गेले. ग्रुपवरची नाराजी कमी झाली ती माझ्या माफीने नाही, या कपांनी.

मामांसाठी मी एक कार्ड केलं. एका बाजूला 'ठेवा'चे पाच फोटो, दुसऱ्या बाजूला 'काढा'चे सहा, रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन मिळून ९० रुपये. शब्द नको, फोटोच हवेत, आणि फोटो मोठ्या झाडाचे नव्हे, दोन पानांच्या रोपांचे. ते शेडच्या खांबाला बांधलंय. दुसरं कार्ड ऑक्टोबरमध्ये बांधते: 'दिवाळीला कापू नका. डिसेंबरअखेर कापायचं.' दिवाळीत पाहुण्यांना वाळकं दिसू नये म्हणून मी पुढचा एक फूट तेवढा नीट छाटून घेते आणि तिथे चार पणत्या ठेवते. तडजोड आहे, चालते. आणि कणसं असलेले दांडे आता खड्ड्यात जात नाहीत. जुन्या चादरीवर झटकून बी कागदी पाकिटात, तारीख लिहून. राजगिऱ्याची दोन-तीनच कणसं झाडावर ठेवते, बाकीची बी पिकायच्या आधीच कापते. ही मेख पहिल्या वर्षी कुणी सांगितली असती तर एकोणीस फोटो वाचले असते.

२५ जुलै २०२४ चा पाऊस पुणेकरांना वेगळा सांगायला नको. नदीकाठच्या लोकांच्या घरांत पाणी शिरलं, त्यापुढे माझ्या सहा तुळशी कुजल्या हे काही नुकसान नाही. पण त्यातून कळलं की पट्ट्याचा उत्तरेचा कोपरा खोलगट आहे. आता तिथे तुळस ठेवत नाही, कर्दळच. तिला पाय ओले आवडतात.

चाचणीचं वर्ष कधीच संपलं होतं. सप्टेंबर २०२४ च्या सभेत विषय 'बाग (मागील पानावरून पुढे)' असा छापला होता आणि कुणी काही न बोलता तो पुढे सरकला. एकाच गृहस्थांनी विचारलं की राजगिऱ्याची भाजी यंदा मिळणार का.

२०२५ ला तर मान्सून २६ मेलाच पुण्यात. माझं पाटावर बसण्याचं वेळापत्रक जूनचं, आणि मी तेव्हा पुन्हा लेकीकडे. मामांना फोन केला, म्हटलं उगवलं असेल तर काहीच काढू नका, मी १५ तारखेला येते. 'बरं' म्हणाले. आले तेव्हा पट्टा विरळ केलेला होता. दोन रोपांत वीतभर अंतर, काळी मागे, कुरडू मधेमधे, गाजरगवत औषधालाही नाही. कार्डावर पावसाचं पाणी शिरून 'काढा'ची बाजू पुसट झाली होती, म्हणजे तिकडे बघून केलेलं नव्हतं. फक्त मधोमध, अगदी नजरेत येईल अशा जागी, एक हिरवागार राजगिरा ऐटीत उभा.

'हा कसा राहिला मामा?'

'राहिला नाही, ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सांगून ठेवलाय.'

त्याला मी हात लावला नाही. कृष्णतुळशीची हिरवी निघालेली चौदा रोपं या घडीला शेडच्या कठड्यावर आइस्क्रीमच्या कपांत आहेत. द्वादशी सोडून कधीही या.